मणक्याला इजा झाल्यावर पायांची हाडं का ठिसूळ होतात? हाडांची तपासणी नेमकी कुठली करायची?

समजा, अर्धापूर तालुक्यातला एक तरुण आहे. तीन वर्षांपूर्वी नांदेडहून मोटारसायकलवर घरी येताना त्याचा अपघात झाला. पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालची हालचाल आणि संवेदना दोन्ही गेल्या. ऑपरेशन झालं, काही महिने फिजिओथेरपी झाली. आता तो व्हीलचेअरवर बसून घरचं किराणा दुकान सांभाळतो.

एका सकाळी भाऊ त्याला खाटेवरून व्हीलचेअरवर घेत होता. पाय फूटरेस्टमध्ये अडकला आणि थोडा पिळला गेला. दुखलं काहीच नाही, कारण पायाला संवेदनाच नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वर सूज दिसली. हात लावला तर तेवढाच भाग गरम लागत होता. आईनं हळदीचा लेप लावला. सूज उतरेना म्हणून आठ दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडलं आहे.

घरच्यांना प्रश्न पडला. पडला नाही, झडला नाही, मग हाड मोडलं कसं? आणि सहा महिन्यांपूर्वी हाडांची तपासणी केली होती, त्यात कमरेच्या मणक्याचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला होता, त्याचं काय?

हा तरुण काल्पनिक आहे. पण मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकांमध्ये असं फ्रॅक्चर होणं अजिबात नवीन नाही. हे का होतं, कुठली तपासणी करायला हवी आणि घरी काय काळजी घ्यायची, ते समजून घेऊ.

मणका मोडला, मग झीज पायाच्या हाडांची का होते?

आधी दोन शब्दांमधला फरक. मणका म्हणजे हाड. या मणक्यांच्या आतल्या पोकळीतून मेंदूपासून निघालेली नसांची जाड दोरी खाली जाते, ती मज्जारज्जू. नुसता मणका मोडला आणि मज्जारज्जू वाचली तर माणूस पुन्हा चालू शकतो. मज्जारज्जूला इजा झाली तर त्या जागेच्या खालच्या भागाची हालचाल, संवेदना, लघवी-शौचावरचं नियंत्रण यांवर परिणाम होतो.

हाड बाहेरून दगडासारखं वाटतं, पण ते जिवंत असतं. शरीरात जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवं हाड भरणाऱ्या पेशीही असतात. दोघींचं काम आयुष्यभर चालू राहतं. चालताना, उभं राहताना, वजन उचलताना हाडावर भार येतो, स्नायू हाडाला ओढतात. 'इथं हाड लागतंय' हा निरोप शरीराला त्यातूनच मिळतो.

पायांची हालचाल थांबली की हा निरोप बंद होतो. खरवडणाऱ्या पेशी जोरात काम करत राहतात आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात. त्यात नसांमार्फत हाडांपर्यंत जाणारे संदेश तुटलेले असतात. बऱ्याच पुरुषांमध्ये इजेनंतर टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन कमी होतं. घराबाहेर पडणं कमी झाल्यानं ड जीवनसत्त्वही कमी पडतं. या सगळ्याचा एकत्र परिणाम हाडांवर होतो.

म्हणून ही झीज म्हातारपणातल्या झिजेपेक्षा वेगळी असते. ती २२ वर्षांच्या मुलालाही होते. आणि ती मुख्यतः इजेच्या खालच्या भागात होते. कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या माणसाच्या हातांची हाडं चांगली मजबूत असू शकतात, कारण व्हीलचेअर ढकलण्याचं काम हातच करत असतात. मानेत इजा झाली असेल तर मात्र हातांचीही हाडं झिजतात.

झीज किती वेगानं होते?

तुलनेसाठी अंतराळवीरांचं उदाहरण बघा. अंतराळात पायांवर शरीराचा भार येत नाही. तिथं त्यांच्या खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यानं कमी होते.

मज्जारज्जूच्या इजेनंतर सुरुवातीच्या महिन्यांत पायांच्या हाडांमधल्या जाळीदार भागाची झीज महिन्याला साधारण २ ते ४ टक्के असते. सगळ्यात वेगवान काळ पहिल्या एक-दोन वर्षांचा. त्यानंतर वेग मंदावतो. पण तोपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं. इजा पूर्ण स्वरूपाची असेल, म्हणजे खाली हालचालही नाही आणि संवेदनाही नाही, तर काही वर्षांत गुडघ्याजवळच्या जाळीदार हाडाचा निम्मा भाग जाऊ शकतो.

इजा अपूर्ण असेल, पायात थोडी ताकद शिल्लक असेल आणि माणूस थोडंफार उभा राहत असेल, तर झीज तुलनेनं कमी होते.

अडचण अशी, की याच पहिल्या दोन वर्षांत घरच्यांचं लक्ष बाकीच्या गोष्टींवर असतं. ऑपरेशनचा खर्च, बेडसोर, लघवीची नळी, पुन्हा चालता येईल का ही आशा. हाडांची झीज दुखत नाही, दिसत नाही. ती पहिल्यांदा कळते तीच बहुधा फ्रॅक्चर झाल्यावर.

सगळ्यात जास्त धोका गुडघ्याला का?

वयोमानानुसार हाडं ठिसूळ झालेल्या माणसांमध्ये फ्रॅक्चर साधारणपणे खुबा, मणका आणि मनगट इथं होतात. मज्जारज्जूच्या इजेनंतर चित्र बदलतं. इथं सगळ्यात जास्त मोडतं ते गुडघ्याच्या लगेच वर असलेलं मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि गुडघ्याच्या लगेच खाली असलेलं नडगीच्या हाडाचं वरचं टोक.

या दोन्ही टोकांमध्ये जाळीदार हाड जास्त असतं आणि झीज आधी तिथंच होते. शिवाय उचलताना, वळवताना पाय पिळला गेला की ताण नेमका गुडघ्याजवळ येतो.

ही फ्रॅक्चर मोठ्या अपघातानंच होतात असं नाही. व्हीलचेअरवरून खाली घसरणं, कुशीवर वळवताना पाय मागे राहणं, घट्ट पॅन्ट चढवताना पाय ओढणं, ऑटोत किंवा जीपमध्ये बसवताना गुडघा दाराला लागणं, एवढंही पुरतं.

डेक्सा तपासणी म्हणजे काय?

हाडांची घनता मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. काही डॉक्टर तिला 'बीएमडी' असंही म्हणतात. रुग्णाला टेबलवर झोपवतात आणि वरून यंत्राचा हात फिरतो. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण हाडातून जातात आणि हाडात खनिज किती आहे याचा हिशोब मिळतो. इंजेक्शन नाही, बोगद्यासारख्या यंत्रात जाणं नाही. १० ते २० मिनिटांचं काम असतं आणि किरणोत्सर्ग अगदी कमी असतो.

गावोगावी भरणाऱ्या मोफत हाड तपासणी शिबिरांमध्ये बहुधा वेगळं यंत्र असतं. त्यात पायाची टाच ठेवतात आणि ध्वनिलहरींनी अंदाज घेतात. त्याला डेक्सा म्हणत नाहीत. टाचेवरच्या या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करत नाहीत आणि औषध लागू पडतंय का हेही ठरवत नाहीत. शिबिरातला कागद 'नॉर्मल' असला तरी मज्जारज्जूची इजा झालेल्या माणसानं त्यावर विसंबू नये.

मग कमरेचा रिपोर्ट 'नॉर्मल' का आला?

बहुतेक ठिकाणी डेक्सा म्हटलं की दोन जागा मोजतात, कमरेचे मणके आणि खुबा. साठीच्या पुढच्या बाईंसाठी हे योग्य आहे. व्हीलचेअरवरच्या तरुणासाठी कमरेच्या मणक्यांचा आकडा दिशाभूल करू शकतो. त्याची कारणं अशी:

- दिवसभर बसून राहिल्यामुळे कमरेच्या मणक्यांवर शरीराचा भार येतच राहतो, म्हणून तिथली घनता बऱ्यापैकी टिकते.
- ऑपरेशनमध्ये पाठीत बसवलेले स्क्रू आणि रॉड धातूचे असतात. ते मोजणीच्या भागात आले तर आकडा खोटा वाढतो.
- मणक्यांच्या कडेला नवं हाड वाढलेलं असेल तर तेही मोजणीत धरलं जातं.
- काही रुग्णांमध्ये खुब्याच्या आसपासच्या स्नायूंमध्ये हाड तयार होतं. त्यामुळे त्या बाजूच्या खुब्याचाही आकडा चुकू शकतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा खुबा मोजतात.

नांदेड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. किनवटसारख्या भागात काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आढळलेलं आहे. वर्षानुवर्षं असं पाणी पिण्यात आलं तर हाडं तपासणीत दाट दिसतात, पण ती मजबूत असतातच असं नाही. रुग्ण अशा गावातला असेल तर डॉक्टरांना ते सांगावं.

मग मोजायचं कुठे? हाडांच्या घनता मोजणीचे नियम ठरवणाऱ्या 'इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री' या संस्थेनं २०१९ मध्ये यावर स्पष्ट भूमिका घेतली. मज्जारज्जूच्या इजेमुळे कायमचा परिणाम झालेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची प्रकृती स्थिर झाली की लवकरात लवकर डेक्सा करावी आणि त्यात तीन जागा मोजाव्यात: पूर्ण खुबा, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक. सोप्या शब्दांत, खुबा आणि गुडघ्याच्या वर-खाली.

रिपोर्ट कसा वाचायचा?

रिपोर्टवर दोन आकडे असतात, टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर.

टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडाची निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी तुलना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या वर्गवारीनुसार हा आकडा उणे १ किंवा त्यापेक्षा वर असेल तर घनता ठीक मानतात. उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. ही वर्गवारी पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी आणि ५० वर्षांपुढच्या पुरुषांसाठी वापरतात.

झेड-स्कोअर म्हणजे तुमच्याच वयाच्या माणसांशी तुलना. ५० वर्षांखालचे पुरुष आणि पाळी चालू असलेल्या स्त्रिया यांच्यासाठी हा आकडा बघतात. तो उणे २ किंवा त्याहून खाली असेल तर 'वयाच्या मानानं हाडांची घनता कमी' असं म्हणतात.

गुडघ्याजवळच्या मोजणीला असे स्कोअर सगळ्याच यंत्रांवर मिळत नाहीत. तिथं नुसती घनता लिहून देतात, एका चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज अशी. म्हणून पहिला रिपोर्ट जपून ठेवणं महत्त्वाचं. पुढच्या वर्षी त्याच यंत्रावर तीच जागा मोजली की घट किती झाली ते कळतं. उपचार सुरू केल्यावर पुढची मोजणी किमान १२ महिन्यांनी करतात. दर दोन-तीन महिन्यांनी डेक्सा करून काही हाती लागत नाही.

आणि हलक्याशा धक्क्यानं एकदा हाड मोडलेलं असेल तर आकडा काहीही असो, हाड ठिसूळ आहे हे त्यातून कळलेलंच असतं.

अर्धापूरहून तपासणीला निघण्याआधी

अर्धापूर ते नांदेड अंतर साधारण २० किलोमीटर. पण लुळे पडलेले पाय घेऊन गाडीत चढणं-उतरणं हाच मोठा कार्यक्रम असतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साधारणपणे डेक्साचं यंत्र नसतं. त्यामुळे निघण्याआधी तपासणी केंद्राला फोन करून हे प्रश्न विचारा:

१. यंत्र डेक्साचं आहे की टाच मोजणारं?
२. खुब्यासोबत गुडघ्याच्या वरचा आणि खालचा भाग मोजता येईल का?
३. व्हीलचेअर टेबलापर्यंत जाते का? उचलून झोपवायला माणूस आहे का?
४. पाठीत किंवा पायात रॉड, स्क्रू, प्लेट आहे. कुठला भाग वगळाल?

बऱ्याच केंद्रांवर गुडघा मोजण्याची सोय नसते. तसं असेल तर दोन्ही बाजूंचे खुबे मोजून घ्या आणि कमरेच्या मणक्यांच्या एकट्या आकड्यावर निर्णय होऊ देऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'मज्जारज्जूची इजा, खुबा आणि गुडघा' असं लिहून घेतलं तर तंत्रज्ञालाही नेमकं काय करायचं ते कळतं.

सल्ल्यासाठी नांदेडला विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मराठवाड्यातली मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. जखमी होऊन लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रामुख्यानं दाखल होऊन घ्यायचे उपचार येतात. नुसत्या तपासणीसाठी पैसे लागतील का, फ्रॅक्चरच्या उपचाराचं काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

डेक्सासोबत कुठल्या तपासण्या लागतात?

हाड का झिजतंय, याला मज्जारज्जूच्या इजेशिवाय आणखी कारण आहे का, हे रक्त तपासणीतून कळतं. डॉक्टर साधारणपणे कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड हार्मोन बघतात. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन, गरज असेल तर थायरॉइड.

आणखी काही गोष्टी स्वतःहून सांगायला हव्यात. फिट्सच्या गोळ्या चालू आहेत का, स्टेरॉइड घेतलं आहे का, दारू, बिडी, तंबाखू आहे का. सरकारी दवाखान्यात मिळणारं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा. त्यानं हाडांची घनता काही प्रमाणात कमी होते. चालत्या-फिरत्या स्त्रियांमध्ये याचा फारसा त्रास होत नाही, पण मज्जारज्जूच्या इजेत दुसरा पर्याय बघायचा का हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

हाडं झिजतात म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करायच्या का?

स्वतःहून नाही.

इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हाडांमधून सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. लघवीत कॅल्शियम आधीच जास्त, त्यात नळीमुळे होणारं इन्फेक्शन, त्यात मराठवाड्याचा उन्हाळा आणि कमी पाणी पिणं. मुतखडा व्हायला एवढं पुरेसं असतं. म्हणून गोळी हवी की नको, किती हवी, हे रक्त-लघवीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

याचा अर्थ खाण्यातलं कॅल्शियम बंद करायचं असा नाही. दूध-दही सोडल्यानं मुतखडा टळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते शक्यतो जेवणातून यावं.

अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत, पण केळ्यात कॅल्शियम फारच थोडं असतं. ज्वारीच्या भाकरीतही नाचणीच्या मानानं ते बरंच कमी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, तर १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. दही, ताक, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला यांतूनही भर पडते. डाळी, अंडी, शेंगदाणे यांमधली प्रथिनंही लागतात. ती हाडांसाठी लागतात आणि बेडसोर भरून यायलाही.

ड जीवनसत्त्वाचं काय? ते कमी असेल तर ६०,००० युनिटची पावडर किंवा कॅप्सूल देतात. ती साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. गैरसमजातून ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला धोका होऊ शकतो.

ऊन चांगलं, पण जपून. मज्जारज्जूच्या वरच्या भागात इजा असेल तर खालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि शरीर तापतं. संवेदना नसलेली कातडी भाजली तरी कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी अंगणात बसवून ठेवू नये.

औषधं कुठली असतात?

हाड खरवडणाऱ्या पेशींचा वेग कमी करणारी औषधं जास्त वापरली जातात.

अलेन्ड्रोनेट ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. ती उपाशीपोटी, भरपूर पाण्यासोबत घेऊन पुढचा अर्धा तास ताठ बसावं लागतं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. ज्यांना ताठ बसणं जमत नाही त्यांच्यासाठी ती योग्य नाही.

झोलेड्रॉनिक ॲसिड शिरेतून वर्षातून एकदा देतात. इजेनंतर लवकर दिल्यास खुब्याजवळची झीज रोखायला त्याची मदत होते असं अभ्यासांत दिसलं आहे. गुडघ्याजवळ मात्र तेवढा स्पष्ट फायदा दिसलेला नाही. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. देण्याआधी किडनीचं काम, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासतात. दातांचं मोठं काम राहिलं असेल तर ते आधी उरकून घेतात.

डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. ते मध्येच सोडलं तर हाड पुन्हा झपाट्यानं झिजतं आणि मणके दबू शकतात. दर सहा महिन्यांनी शहरात जाणं जमणार आहे का, पैशाची सोय राहणार आहे का, हा विचार करूनच ते सुरू करावं. थांबवायचं असेल तर जागी दुसरं औषध लागतं.

कुठलं औषध कुणाला, हे वय, किडनी, पुढे मूल हवं आहे का आणि इजेला किती काळ झाला यावर ठरतं. एकाचं औषध दुसऱ्यानं मेडिकलमधून आणून घ्यायचं नाही.

उभं केल्यानं हाडं परत भरतात का?

घरच्यांना वाटतं, रोज उभं केलं तर पायात ताकद येईल. उभं राहण्याचे फायदे आहेत. सांधे आखडत नाहीत, ताठरपणा कमी होतो, मन प्रसन्न होतं. पण नुसतं फ्रेमला बांधून उभं केल्यानं गेलेलं हाड परत येतं, याला भक्कम पुरावा नाही. विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू हलवून सायकल चालवण्याच्या उपचाराचा काही अभ्यासांत फायदा दिसला, पण तो नियमित चालू ठेवला तरच टिकतो.

धोका वेगळ्याच वेळी असतो. दोन-चार वर्षं बसून असलेल्या माणसाला अचानक कॅलिपर चढवून उभं केलं, तर ठिसूळ हाडावर एकदम भार येतो. घनता अमुक आकड्याखाली असेल तर उभं राहायचंच नाही, अशी ठरलेली रेघ नाही. पण सुरुवात करण्याआधी डेक्सा, जुनी फ्रॅक्चर आणि सांध्यांची स्थिती बघून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू भार वाढवावा.

मालिशही हलक्या हातानं. आखडलेला गुडघा जोर लावून मोडण्याचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नये, मग तो हाडवैद्य असो की घरातलं माणूस. त्यात हाडच मोडू शकतं.

घरी उचलताना, वळवताना काय लक्षात ठेवायचं?

- आधी व्हीलचेअरचे ब्रेक लावा आणि फूटरेस्ट बाजूला करा.
- माणूस हलवण्याआधी दोन्ही पाय मोकळे आहेत का ते बघा. चादर, पट्टा, नळी अडकलेली नको.
- धड आणि पाय एकाच वेळी, एकाच दिशेला वळवा. धड पुढे आणि पाय मागे राहिला की हाड पिळलं जातं.
- पाय घोट्याला धरून ओढू नका. गुडघ्याखाली आणि टाचेखाली असा दोन्हीकडे आधार द्या.
- गुळगुळीत फळीवरून सरकत खाटेवरून खुर्चीवर जायला शिका. खाट आणि खुर्चीची उंची सारखी असेल तर काम सोपं होतं.
- कपडे सैल ठेवा. पॅन्ट झोपवून चढवा.
- व्हीलचेअरचा पट्टा लावा. खडबडीत रस्त्यावर आणि उतारावर पुढे घसरून पडण्याचा धोका असतो.

दुखत नसेल तर फ्रॅक्चर ओळखायचं कसं?

ही माहिती घरातल्या प्रत्येकाला असायला हवी. पायाला संवेदना नसेल तर ही लक्षणं बघा:

- एकाच पायाला अचानक सूज, लाली किंवा गरमपणा
- नवा काळा-निळा डाग
- पायाचा आकार किंवा वळण बदललेलं, हलवताना कट्‌कट्‌ आवाज
- पायाचे झटके किंवा ताठरपणा एकाएकी वाढणं
- कारण न कळता बारीक ताप, अस्वस्थ वाटणं

अशीच सूज पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी येते, आणि कातडीखाली इन्फेक्शन झालं तरी. दोन्ही गंभीर आहेत. त्यामुळे लेप लावून, शेकून वाट बघण्यात अर्थ नाही. मालिश तर करूच नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा. तोपर्यंत पाय उशांच्या आधारानं स्थिर ठेवावा.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर आणखी एक धोका असतो. खाली फ्रॅक्चर झालं की रक्तदाब अचानक खूप वाढू शकतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. अशा वेळी माणसाला लगेच ताठ बसवा, अंगावरचे घट्ट कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली-तुंबली आहे का बघा आणि तातडीनं रुग्णालयात न्या.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की पायाला संवेदना नाही. प्लास्टर घालायचं असेल तर हे फार महत्त्वाचं. आत कातडी घासली तरी रुग्णाला कळणार नाही आणि बेडसोर होईल. म्हणून भरपूर कापूस लावलेला, काढून कातडी बघता येईल असा आधार वापरणं, रोज तपासणी करणं किंवा ऑपरेशन करणं, यांतलं काय योग्य ते डॉक्टर ठरवतात. 'तसंही चालत नाही, मग कशाला उपचार' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. वाकडं जुळलेलं हाड बसण्यात अडथळा आणतं, जखमा करतं आणि उचलून ठेवणाऱ्याचंही काम अवघड करतं.

सुरुवातीच्या त्या तरुणाकडे परत येऊ. त्याच्या रिपोर्टमधला आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच जागेचा होता. घरात मज्जारज्जूची इजा झालेलं कुणी असेल तर जुना रिपोर्ट काढून एकच गोष्ट बघा, मोजलंय कुठे? नुसता कमरेचा मणका असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना खुबा आणि गुडघ्याबद्दल विचारा.